खाल्लेलं अंगी लागेना

एमएस्सी ॲग्रीला असताना घाटे अळ्या पाळायचं काम माझ्याकडे होतं. हीच ती हेलिकोव्हर्पा, हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून बसते आणि कापसाची बोंडंही सोडत नाही. या अळ्या एकमेकींना खातात म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी, रोज ताजा हरभऱ्याचा पाला.

पाच दिवस गावी जाऊन आले, वजन घ्यायला बसले तर एका ट्रेमधल्या अळ्या चांगल्या टम्म आणि शेजारच्या ट्रेमधल्या बारक्या, सुतळीच्या तुकड्यासारख्या. हरभऱ्याचा वाण तोच, अंडी एकाच दिवशी फुटलेली, खोली तीच. बरं उपाशी म्हणावं तर पाला दोन्हीकडे कुरतडलेला, डब्यांत लेंड्याही भरपूर. म्हणजे खात होत्या पण अंगी लागत नव्हतं. मला घामच फुटला, सगळी मेहनत वाया गेली असं वाटलं. लॅबमधल्या मामांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, हा टम्म अळ्यांचा ट्रे माझ्याकडे होता, दुसरा त्या पोराकडे. पाला धुळकट वाटायचा म्हणून मी आपला रोज नळाखाली खळखळून धुवून घालायचो."

आणि मला एकदम आजी आठवली. थंडीत रात्री हरभऱ्यावर धोतराचं फडकं पसरायची, पहाटे ते दवाने ओलं झालं की पिळून आंब बाटलीत भरायची, पोट दुखलं की चमचाभर द्यायची, इतकी आंबट की दात आंबायचे. ती आंब म्हणजे पानांवरच्या बारीक केसांतून पाझरणारं मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिड, पाण्याने सहज धुऊन जाणारं. मामांनी पाल्याचं चिलखतच उतरवून ठेवलं होतं!

रात्री शोधलं तर 1995 चा एक पेपर सापडला, त्यात दोन्ही ॲसिडं अळीच्या खाद्यात मिसळून बघितलेली. मॅलिकने काही फरक नाही, ऑक्झॅलिकने मात्र वाढ खुंटते, आणि तीही अळी खायची थांबते म्हणून नाही, खाल्लेल्याचं अंग होत नाही म्हणून. माझ्या डब्यांत अगदी हेच दिसत होतं.

सरांनी तो ट्रे बाद केला नाही, उलट धुतलेला आणि न धुतलेला पाला असा प्रयोगच मुद्दाम पुन्हा लावायला सांगितला. मामांना सगळं समजावलं तर त्यांनी न धुतलेलं एक पान जिभेला लावलं, डोळे मिचकावले आणि विचारलं, "मग मॅडम, अवकाळी पाऊस पडला की आंब धुपणार, आणि अळी माजणार का?" मी तो प्रश्न तारीख घालून तसाच रजिस्टरमध्ये लिहून घेतला.