पाठकोरं

रविवारी दुपारी रद्दीवाल्याची हाक आली, म्हणून माळ्यावरचा गठ्ठा खाली ओढला. त्यात एक फाईल निघाली. ती कसली आहे हे बघायच्या आधीच मी आतला कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी आहे का, ते आधी. बाकीचं नंतर.

ही खोड आजोबांची. ते शाळामास्तर. सहामाही झाली की उरलेल्या सायक्लोस्टाइल प्रश्नपत्रिका पिशवीतून घरी यायच्या. मे महिन्यात ओटीवर बैठक बसे. आम्ही भावंडांनी जुन्या वह्यांतली कोरी पानं काढायची, आजोबांनी ती पाठकोऱ्यांबरोबर नीट ठोकून, दाभणानं भोकं पाडून दोरा ओवायचा. पुठ्ठा म्हणून बँकेच्या कॅलेंडरचा कागद. त्यावरचा देव आत घ्यायचा की बाहेर, यावर आजीशी दरवर्षी वाद. दरवर्षी देव बाहेरच यायचा.

माझी पहिली गोष्ट अशाच एका वहीत लिहिली. शिकारी आणि वाघ. बंदूक रोखून झाली, आता चाप ओढायचा, तेवढ्यात मागच्या बाजूची शाई कागदातून वर डोकावली. पान उलटून पाहिलं तर ‘खालीलपैकी कोणतेही तीन सोडवा’. तीन नाही, पण एक वाघ मी सोडवला.

मध्यंतरी ऑफिसात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. भोकाभोकांच्या कडेचे ते लांबलचक कागद म्हणजे चैन. पण कोऱ्या करकरीत वहीपुढे मात्र आजही माझी बोबडी वळते. दिवाळीत भेट आलेल्या डायऱ्या कपाटात तशाच आहेत, काहींची तर साल उलटून गेली. पाठकोऱ्याचं बरं असतं. कागद एकदा कामी येऊन गेलेला असतो, आपण बिघडवलं तरी बिघडत नाही.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांना सुटे कागद मिळत नसत. पानं मोजून आकडे घातलेल्या बांधीव वह्या, आणि शाईऐवजी शिसपेन्सिल. १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य त्यांनी तसं लिहिलं. ग्रंथाची थोरवी थोरांनी सांगावी, मला त्या आकड्यांचाच धसका. म्हणजे पान फाडायचीसुद्धा सोय नाही! मी सहा वर्षं पान १ कडे बघत बसलो असतो. आणि नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी, १९३३ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून मोकळे. असो.

फाईल आईच्या रिपोर्टांची होती. शेवटच्या वर्षातल्या. पहिले तीन-चार कागद मागून कोरे, चांगले जाड. हात पेन्सिलीकडे गेलाच होता. पाचवा उलटला तर तिथं आईच आधी पोचलेली. बारीक अक्षरात दुधाचा हिशेब. एक लिटर, एक लिटर, अर्धा, खाडा, एक लिटर.

तो खाडा कुठल्या दिवसाचा असेल, आम्ही तेव्हा सगळे कुठे होतो, ते आठवत बसलो. वर महिना लिहिलेला नाही.

खाली रद्दीवाला दोनदा ओरडला आणि निघून गेला.