‘टर्बो गेला’ म्हणण्यापूर्वी

वैभववाडीहून कोल्हापूरला परतताना करूळ घाटाच्या मध्यावर माझ्या गाडीने ओढणे सोडले. इंजिनाचा आवाज नेहमीचाच होता, परंतु तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग चाळीसच्या पुढे जाईना, आरशात काळा धूर दिसू लागला आणि आणखी दोन वळणांनंतर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. इंजिन दीड लिटरचे डिझेल, सव्वा लाख किलोमीटर चाललेले, टर्बो (धुराच्या झोतावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) मूळचाच. गगनबावड्यात चहापुरती गाडी बंद केली, पुन्हा चालू केल्यावर ती काही अंतर बरी चालली आणि कळ्याच्या अलीकडेच पुन्हा तीच तऱ्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये पंधरा मिनिटांत निदान झाले: टर्बो गेला, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. त्यासाठी दोन पुरावे दाखवण्यात आले. स्कॅनरवर पी०२९९ हा कोड आला होता आणि इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, पाइपात आतून तेल लागलेले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या; त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र मला घाईचा वाटला. पी०२९९ एवढेच सांगतो की गाडीच्या संगणकाने मागितलेला हवेचा दाब इंजिनाला मिळाला नाही. का मिळाला नाही, हे तो सांगत नाही. पाइपातल्या तेलाचे म्हणाल तर इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ ब्रीदरमधून टर्बोच्या तोंडाशीच सोडलेली असते, त्यामुळे सव्वा लाख किलोमीटरनंतर पाइप आतून कोरडा सापडला असता तर मलाच आश्चर्य वाटले असते. टर्बोचे सील गेले असते तर धूर निळसर झाला असता आणि डिपस्टिकवरची पातळी उतरली असती. इथे धूर काळा होता, म्हणजे डिझेल पुरेसे जात होते आणि हवा कमी पडत होती.

म्हणून आधी मोजायचे ठरवले. साध्या ब्लूटूथ स्कॅनरवर, चावी फिरवून पण इंजिन चालू न करता, इनटेकमधला, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिथला, दाब पाहिला. तो ९५ किलोपास्कल होता. कोल्हापूरच्या उंचीवर वातावरणाचा दाब साधारण तेवढाच असतो, त्यामुळे सेन्सर खोटे बोलत नाही एवढे पक्के झाले. नंतर मोकळ्या रस्त्यावर मित्राला मोबाइल हातात देऊन तिसऱ्या गिअरमध्ये २,२०० फेऱ्यांवर पूर्ण जोर दिला. मागणी २१५ किलोपास्कलची, प्रत्यक्षात १५०.

आता टर्बोकडे वळणे रास्त होते. हवेच्या बाजूचा होज काढून शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला. तो आडवा किंचित हलतो आणि हलायलाच हवा, कारण मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांनी फिरणारा हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. आत-बाहेर मात्र तो हाताला जाणवेल इतका सरकता कामा नये. तो सरकत नव्हता. पात्यांच्या कडाही शाबूत होत्या आणि बाहेरच्या कवचावर घासल्याची खूण नव्हती. हातपंपाने टर्बोच्या झडपा हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला व्हॅक्यूम दिल्यावर लिव्हर अडखळल्याशिवाय सरकला आणि जागेवर टिकून राहिला.

मग राहिला तो टर्बोपासून इंजिनापर्यंतचा हवेचा रस्ता. धूर सोडून गळती शोधण्याचा प्रयोग एकदा झाला होता, पण त्यातला दाब फारच थोडा असतो. उद्यमनगरातल्या एका लेथवर टर्बोच्या तोंडात बसेल असे अ‍ॅल्युमिनियमचे बूच करून घेतले, त्याला टायरचा व्हॉल्व्ह बसवला आणि कॉम्प्रेसरने सावकाश एक बारपर्यंत हवा भरली. डिपस्टिकच्या नळीतून येणारा मंद फुसफुसाट इंजिनाच्या आतून निसटणाऱ्या हवेचा असतो, त्याने दचकायचे नाही. दुसरा आवाज मात्र बंपरच्या खालून येत होता. इंटरकूलरच्या खालच्या होजवर, वळणाच्या आतल्या बाजूला, साबणाचा फेस फुगून आला. बाकी होजवर करडी, कोरडी धूळ होती आणि तेवढ्याच तळहाताएवढ्या जागी तेल-धुळीचा काळा चिखल बसला होता. तो पुसला तरी काही दिसेना. होज हातांनी वाकवल्यावर बोटाच्या पेराएवढी चीर ओठ उघडावेत तशी उघडली आणि सोडताच मिटली. दाब आल्याखेरीज ती उघडतच नव्हती!

या चिरेचे दुखणे केवळ पिकअपपुरते नव्हते. दाब कमी भरतो आहे असे दिसले की संगणक टर्बोच्या झडपा आणखी आवळतो आणि टर्बोला मर्यादेबाहेर पळवतो. त्याच फाटक्या होजवर महागडा नवा टर्बो बसवला असता तर काही महिन्यांत त्याचाही जीव गेला असता. टर्बो खरोखर गेला असेल तरीसुद्धा त्याला तेल पुरवणारी नळी तपासल्याशिवाय नवा बसवू नये. तिच्यात जळक्या तेलाचे किटण साचले असेल तर नव्या बेअरिंगची गतही जुन्यासारखीच होते.

दुरुस्ती करतानाच सुधारणाही केली. रबराऐवजी सिलिकॉनचा होज घेतला, पण आतून फ्लोरोसिलिकॉनचे अस्तर असलेला, कारण साधे सिलिकॉन तेलाने फुगते आणि पाझरू लागते, ही गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो. स्क्रूच्या क्लॅम्पऐवजी टी-बोल्ट क्लॅम्प लावले. मोठा इंटरकूलर टाळला. मूळ ट्यूनिंगवर त्याचा लाभ मुख्यतः लांब चढावर आणि कडक उन्हात जाणवतो, आणि वाढलेली पोकळी भरायला वेळ लागल्याने पिकअप जरा उशिराच येतो. डिझेल गाडीला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावून ‘फुस्स’ आवाज काढण्याच्या हौसेबद्दल तर बोलायलाच नको: पेट्रोल गाडीत पाय उचलताच थ्रॉटल बंद होऊन हवा कोंडते म्हणून तो लागतो, डिझेलमध्ये ती तशी कोंडतच नाही.

त्यानंतर करूळ घाटात, त्याच वळणावर, २१५ च्या मागणीला २१२ मिळाले. मित्राने लगेच रिमॅपचा, म्हणजे संगणकातला प्रोग्राम बदलून ताकद वाढवण्याचा, विषय काढला. रिमॅपने दाब आणि डिझेल दोन्ही वाढतात, आणि तो भार पहिल्यांदा पोहोचतो क्लचवर; चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये जोर देताच इंजिनाच्या फेऱ्या चढतात आणि वेग मात्र तसाच राहतो, ही त्याची खूण. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. माझा क्लच मूळचाच आहे. तो बदलण्याची वेळ येईल तेव्हा विचार करू, असे मी मित्राला सांगितले. त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही.