उजवी की डावी

२५ ऑगस्ट, मंगळवार. रात्रीचे साडेनऊ

वीज संध्याकाळपासून गेलीय. पडवीत बॅटरीचा कंदील लावून बसलोय. पाऊस थांबलाय, पण माडांच्या झावळ्यांवरचं पाणी अजून पत्र्यावर टपटपतंय. पौर्णिमा तीन दिवसांवर आली, तरी दर्याचा आवाज काही उतरलेला नाही.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम जाऊन आज अडीचशे वर्षं झाली. (काँग्रेसवाला ह्यूम तो नव्हे. तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, दर जूनमध्ये पहिल्या तासाला हे सांगावं लागायचं.) १७७६ साली, याच तारखेला, एडिंबरोत गेला. दर वर्षी या दिवशी मी त्याची चार पानं वाचतो. बायको होती तेव्हा ती याला मास्तरांचं श्राद्ध म्हणायची. यंदा कपाटातून पुस्तक काढलं, पुसलं आणि तसंच मांडीवर ठेवलंय. सकाळचं डोक्यातून जात नाही.

आमच्या देवळाचा गुरव आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी मुंबईला गेलो, तो देवळात गेला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन चतुर्थीनंतर करू म्हणतो. मुलगा मुंबईत नोकरीला, म्हणजे हाताखाली कोणी नाही. काल संध्याकाळी तो खळ्यात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तरा, उद्या सकाळी देवळात ये. माका पाकळी दिसणा नाय."

"कौलाची?"

"मगे कसली?"

मी जन्मात देवाकडे कौल मागितलेला नाही. हे त्याला माहीत आहे आणि अख्ख्या गावालाही. तरी गेलो.

एक बाई आल्या होत्या, खालच्या वाडीतल्या. नवरा दर्यावर्दी होता, आता घरीच असतो. मुलाला कुणी एजंट जहाजावर चढवतो म्हणतोय, त्यासाठी अडीच लाख आधी भरायचे. भरायचे की नाही, एवढाच प्रश्न. मुलगा स्वतः देवळाच्या पायरीवर बसून मोबाइल बघत होता.

गुरवाने मूर्ती पाण्याने धुतली. काळा पाषाण, तेलाने इतका गुळगुळीत झालेला की समईची वात त्यात दोनदा दिसते. तांबड्या फुलाच्या दोन पाकळ्या त्याने पाण्यात बुडवल्या. मग नुसत्या बोटांच्या सवयीने, चाचपडत, देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी सुटली तर होय, डावी सुटली तर नको. मग गाऱ्हाणं. घसा बसलाय त्याचा, पण "बा देवा म्हाराजा" म्हणताना आवाज कुठून तरी खालून येतो. "व्हय म्हाराजा" म्हणायला बाई आणि मी दोघंच. मी म्हणालो. न म्हणणं फार उद्धट दिसलं असतं.

मी टॉर्च धरून होतो आणि आम्ही वाट बघत होतो. कौलात बघण्यासारखं असं तेवढंच असतं, वाट बघणं. पाणी पाषाणावरून रेंगाळत उतरतं, पाकळीची कड वळते, पुन्हा चिकटते. बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट पिळून धरलं होतं, पिळा बोटांमधून बाहेर आला होता. आणि एकाएकी पाकळी गेली.

"खंयची पडली रे? उजवी काय डावी?"

"डावी," मी म्हणालो.

बाईंनी डोळे मिटले. पायरीवरचा मुलगा उठला आणि काही न बोलता चालायला लागला.

ह्यूम काय म्हणाला असता ते मला पाठ आहे. पाकळी पडलेली दिसते, पुढे काय होतं तेही दिसतं. या दोहोंना बांधणारा धागा मात्र कुणालाच दिसत नाही. तो आपलं मन ओवतं, सवयीने. पोरं या तासाला खूश व्हायची, कारण कौल, भविष्य, पत्रिका सगळं एका फटक्यात गेलं असं त्यांना वाटायचं. मग मी पुढचं सांगायचो. विस्तव आणि चटका यांच्यातही त्याला तसाच धागा दिसला नव्हता. भाकरी आणि भूक, उद्याचा सूर्य, सगळं त्याच सवयीच्या भरवशावर. मग वर्ग गप्प. मागच्या बाकावरचा एखादा विचारायचा, सर, मग तो जेवायचा का? जेवायचा, भरपूर जेवायचा. चांगला गलेलठ्ठ होता, आणि म्हातारपणी स्वयंपाकाची हौस लागली होती त्याला. विचार करकरून डोकं भणाणलं की मित्रांबरोबर जेवायचं, सोंगट्यांसारखा त्यांचा एक खेळ खेळायचा आणि हसायचं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

त्याच्या एका गोष्टीवर मात्र मी नेहमी अडतो. धर्म कुठून येतो यावर त्याचा १७५७ चा निबंध आहे. पुढे काय वाढून ठेवलंय ते माणसाला कळत नाही, त्या भीतीतून आणि आशेतून देव येतात, असं त्याचं म्हणणं. इथवर ठीक. पुढे तो जुगारी आणि खलाशी यांचं उदाहरण देतो. ज्यांचं आयुष्य नशिबाच्या हातात ते जास्त अंधश्रद्धाळू, आणि गंभीर विचार करायची कुवत सगळ्यांत कमी त्यांचीच. बाबा रे, तू आमच्या खाडीच्या तोंडावर जूनमध्ये उभा राहिला नाहीस. वाळूची पट्टी कुठे सरकलीय, वारा किती वाजता फिरणार, आज होडी घालायची की नाही, याचा जो विचार इथे पहाटे चार वाजता चालतो तो गंभीर नाही तर काय आहे? तो करून झाला की जे उरतं त्याचं नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन बघतात. मालवणजवळच्या आचऱ्याच्या गावपळणीचंही तसंच. रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस तीन रात्री घराबाहेर राहतो, गुरंढोरं, कोंबड्यांसकट. भीतीने जात असतीलही, पण मी त्या राहुट्यांमध्ये एकदा रात्र काढलीय. भजनं, फुगड्या, भांडण झालेले दोन भाऊ एका चुलीवर. भीतीच्या निबंधात ते बसत नाही.

ह्यूमचीही एका कोळणीने जिरवली होती असं सांगतात. आपल्या नव्या घराचं बांधकाम बघायला जाताना तो चिखलात रुतला. मासे विकणारी एक म्हातारी आली, हा तोच नास्तिक हे तिने ओळखलं, आणि प्रभूची प्रार्थना म्हटल्याशिवाय हात देणार नाही म्हणाली. त्याने म्हटली. आणि नंतर हा किस्सा स्वतःच मित्रांना सांगत हिंडला. आज "व्हय म्हाराजा" म्हणताना मला ती म्हातारी आठवत होती.

दोन वर्षांपूर्वी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. गोव्याहून घरी आणलं तेव्हा पंधरा दिवस पडवीत माणसांची रीघ. काळजीने यायचे, त्यात शंका नाही. पण येणाऱ्याच्या डोळ्यांत आणखी एक काहीतरी असायचं. एका चुलतभावाने तर सरळच म्हटलं, "आता तरी देवाक हात जोडलंस ना?" जेम्स बॉस्वेल हा लेखक असाच ७ जुलै १७७६ ला ह्यूमकडे गेला होता. रविवार होता, चर्च बुडवून गेला. मरायला टेकलेला नास्तिक घाबरतो का, हे त्याला बघायचं होतं. ह्यूम घाबरला नाही. मेल्यावर पुढे काही असणं शक्य नाही का, असं विचारलं तेव्हा म्हणाला, शक्य आहे की, विस्तवात टाकलेला कोळसा न पेटणंही शक्य आहे. बॉस्वेलच बिचारा हादरून घरी गेला.

मी ह्यूम नाही. मी घाबरलो होतो. रात्री तीनला जाग यायची आणि छातीवरच्या टाक्यांवर हात ठेवून मी ठोके मोजायचो.

त्या पंधरा दिवसांत गुरव रोज आला. देवाचं एक अक्षर काढलं नाही. कुळथाची पिठी आणायचा, बिनमिठाची, आणि अशी बेचव झाल्याबद्दल डॉक्टरला शिव्या घालायचा. मग कमरेच्या पिशवीतून पत्ते काढायचा. आम्ही दोघंच, म्हणजे सात-आठ. हरला की चिडायचा. आजारी माणसाला जिंकू द्यावं वगैरे त्याच्या मनातही येत नसे.

पन्नास वर्षांत आम्ही देवावरून भांडलो नाही असं नाही. एकदा, मी नुकताच प्राध्यापक झालो होतो, चौघांत त्याला कोपऱ्यात घेतलं होतं. पाकळीचं वजन, पाण्याचा ताण, दगडाचा उतार, सगळं समजावून. तो ऐकत राहिला आणि पुढची दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. जिंकलेल्या वादांपैकी एवढा एकच मला तपशीलवार आठवतो. शांतपणासाठी नावाजलेला ह्यूमही रूसो या दुसऱ्या तत्त्वज्ञाशी असाच भांडला. १७६६ साली त्याला स्वतः इंग्लंडला नेलं, आसरा दिला, पेन्शनीची खटपट केली. रूसोला वाटलं हा माझ्याविरुद्ध कट करतोय. आणि याने काय केलं, तर दोघांची पत्रं छापून टाकली. उलट अ‍ॅडम स्मिथ. ह्यूम गेल्यावर त्याने एवढंच लिहिलं की माझा मित्र सज्जन होता आणि हसत गेला. त्यावरून स्मिथला इतक्या शिव्या बसल्या, की ब्रिटनच्या साऱ्या व्यापारव्यवस्थेवर टीका केली तेव्हा त्याच्या एक दशांशही बसल्या नव्हत्या, असं तो स्वतःच म्हणतो.

असो. सकाळचं अर्धंच लिहिलंय मी.

देवळातून परतताना पाणंदीत व्हाळ भरून वाहत होता. मी त्याचा हात धरला होता. मधेच थांबून तो म्हणाला, "तुझो टॉर्च आदीच डावीकडे गेल्लो."

"म्हणजे?"

"माका पाकळी दिसणा नाय. उजेड दिसता."

मी काही बोललो नाही. तो एजंट लबाड आहे अशी माझी खात्री आहे. गेल्या साली शेजारच्या गावातल्या दोन पोरांचे पैसे अशाच कुणीतरी बुडवले. सकाळी देवळात शिरतानाच मला वाटत होतं, डावी पडू दे. मला! आणि आता इथे बसून आठवू जातो तर दोन्ही पाकळ्या एकदमच सुटलेल्या दिसतात. मग वाटतं छे, डावीच आधी. मग उजवीची कड हललेली दिसते. विवेक हा वासनांचा गुलाम आहे आणि असायलाच हवा, हे ह्यूमचं वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. ते कधी माझ्या हातातल्या टॉर्चला लागू होईल असं वाटलं नव्हतं.

व्हाळ ओलांडल्यावर तोच पुन्हा बोलला.

"तुझ्या ऑपरेशनाच्या वक्ताक मी लावललंय कौल."

हे मला माहीत नव्हतं.

"मग?"

"डावो पडलो."

"मग रे?"

"मगे काय? परत लावलंय. परत डावो. तिसऱ्या टायमाक उजवो पडलो."

मी हसायला लागलो. तो हसला नाही. देवाला तीनदा विचारायचं नसतं. त्याच्या बापाने एकदा दुसऱ्यांदा कौल लावला म्हणून गावाने बैठक घेतली होती, ते आम्ही दोघांनी लहानपणी खांबाआडून बघितलंय.

"मग आज त्या बाईसाठी परत का नाही लावलास?"

"आज तू बघीत होतंस मां."

घरी आल्यावर पेज झाली, पत्ते झाले. बदाम आणि चौकट त्याला आता सारखेच दिसतात. पान टाकलं की मी नाव सांगायचं, असं ठरलंय. दोन डाव तो जिंकला. जाताना खळ्यात थांबून म्हणाला, "पुनवेक येतलंस मां? चार जणांका कौल होयो हा."

येतो म्हटलं. टॉर्चचे सेल उद्या आणायला हवेत.