दोन सात नंबर

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. मॉरिशसला आलो तो एबेनमधल्या एका कंपनीत हिशेब बघायला. फुटबॉल कधी धड खेळलो नाही, पण शाहू स्टेडियमवर पेठेसाठी घसा बसेपर्यंत ओरडलोय. त्यामुळं हिंदी महासागरातल्या बेटांची १७ वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा इथं होणार आणि स्वयंसेवक पाहिजेत असं कळल्यावर लगेच नाव दिलं. म्हटलं, मैदानाच्या कडेला उभं राहून फुकटात मॅच बघायला मिळेल. मिळालं नोंदणीचं टेबल.

सहा संघ होते: मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस, रियुनियन आणि मेयोत. प्रत्येक मुलाचा पासपोर्ट, पालकांचं संमतीपत्र, डॉक्टरचा दाखला आणि फोटो जुळले की गळ्यात घालायचं कार्ड छापायचं. पहिल्याच पोरानं पाऊण तास खाल्ला. मादागास्करचा होता. त्याचं नाव इतकं लांब की संगणकातला रकाना संपला आणि नाव उरलं. बरं, आडनाव कुठलं हे धरून पुढं जावं, तर त्यांच्याकडं बापाचं आडनाव पोराला लागेलच असं नाही. संमतीपत्रावर सही बापाची, पण दोघांच्या नावांत एक अक्षर सारखं नाही. माझं डोकं ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ या तीन खणांत वाढलेलं. शेवटी त्यांच्या मॅनेजरनं मला नाव तोडून तोडून तीन वेळा म्हणायला लावलं.

मग जन्मतारखा. दोघातिघांची १ जानेवारी निघाली आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी भुवया उंचावल्या. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडं गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेल्या १ जूनवर माझ्या वडिलांच्या पिढीतली निम्मी माणसं पेन्शनीत गेली. फिफा १७ वर्षांखालच्या विश्वचषकात मुलांच्या मनगटाचं एमआरआय काढून हाडाची वाढ बघतं, २००९ पासून. आमच्याकडं नुसता पासपोर्ट. त्यावर जे छापलंय ते वय.

‘देश’ या रकान्यानं मात्र खरा घाम फोडला. रियुनियन आणि मेयोत हे फ्रान्सचे भाग, पासपोर्ट फ्रेंच. मी मेयोतच्या पोरांपुढं सरळ ‘फ्रान्स’ टाकत गेलो. माझ्यासोबत इथल्याच कास्काव्हेल गावचे एक काका होते. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला आलेले. काकांची मराठी जुन्या वळणाची, मध्येच क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, घसरणारी. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “असं नको करू बाबा, पेटेल.” २०१५ साली रियुनियनला बेटांच्या मोठ्या क्रीडास्पर्धेत मेयोतचे खेळाडू फ्रेंच झेंड्यामागून चालले, म्हणून कोमोरोसचा अख्खा चमू उठून घरी गेला होता. कोमोरोस १९७५ मध्ये स्वतंत्र झाला, मेयोत फ्रान्सकडं राहिलं. कोमोरोस आजही ते आपलंच मानतो. त्यांच्या झेंड्यावर चार तारे आहेत, चौथा मेयोतचा. मी गुपचूप सगळी कार्डं रद्द करून ‘मेयोत’ छापली. संध्याकाळचे आठ वाजले.

काकांना मी कोल्हापूरच्या पेठापेठांतली ईर्ष्या मोठ्या कौतुकानं सांगत होतो. ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, इथं पण क्लब असेच होते, हिंदूंचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा, तमिळांचा वेगळा. २३ मे १९९९ ला फायर ब्रिगेड आणि स्काउट्स या दोन क्लबांची मॅच झाली, त्या रात्री पोर्ट लुईमध्ये एक जुगारघर जाळलं, सात माणसं गेली. जातीधर्माचे क्लब त्यानंतर बंद. मी गप्प बसून गातो पिमां खाल्लं. आपल्या डाळवड्याचाच भाऊ, मिरची जरा जास्त.

सामन्यांच्या दिवशी माझी नेमणूक क्युरपिपच्या जॉर्ज पाचवा स्टेडियममध्ये, खेळाडू मैदानात उतरतात त्या बोगद्यात. क्युरपिप उंच पठारावर, त्यात ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा. बारीक पाऊस आणि धुकं. किनाऱ्यावरची पोरं दात वाजवत उभी. कार्ड आणि चेहरा जुळवायचा, नडगीवरचे शिनगार्ड बघायचे, अंगावरचे दागिने, गंडेदोरे सगळे काढायला लावायचे. नियम कडक आहे, टेप गुंडाळूनही चालत नाही. मॉरिशसच्या पोरांचे लाल गंडे, सेशेल्सवाल्यांचे क्रॉस, कोमोरोसच्या पोरांच्या दंडातले चामड्याचे तावीज. प्रशिक्षकांकडं द्यायला पोरं तयार नाहीत, हरवतील म्हणतात. मग मीच पगाराची जुनी पाकिटं आणली, वर जर्सीचा नंबर घातला आणि जॅकेटच्या खिशात कोंबली.

तिसऱ्या दिवशी कोमोरोस विरुद्ध मेयोत. मॅच तशी रटाळ झाली, चिखलात कुणाला पास जमेना, ०-०. संपल्यावर पोरं पाकिटं मागायला आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी फक्त नंबर लिहिलेत, संघ नाही. बाकीच्यांचं कसंबसं जुळलं. ७ ची पाकिटं दोन, आत चामड्याचा तावीज दोन्हीत. तोच रंग, तशीच शिलाई. समोर दोन ७ नंबर.

मी फ्रेंचमध्ये माफी मागायला लागलो, पण ऐकतंय कोण. दोघं आपापसात बोलायला लागले. या बेटांच्या बोली बहिणी-बहिणी आहेत, ते काकांकडून ऐकलं होतं. कोमोरोसचं अंजुआं बेट ते मेयोत समुद्रातून सत्तरेक किलोमीटर, कोल्हापूरहून कराडला जावं तितकं. पण १९९५ पासून तिथं जायला कोमोरोसच्या माणसाला व्हिसा लागतो. मेयोतच्या पोरानं एक तावीज नाकाशी नेला, हुंगला, दुसराही हुंगला आणि हसत एक कोमोरोसच्या पोराच्या हातात ठेवला. त्यानंही हुंगून बघितला, मान डोलावली. मग त्यानं दंड पुढं केला आणि मेयोतच्या पोरानं दोरी बांधून दिली, दातानं गाठ ओढून.

मला वाटलं संपलं. तेवढ्यात बोगद्याच्या तोंडाशी कुणीतरी मेयोतच्या बसचा हॉर्न वाजवायला लागलं, आणि तो पोरगा स्वतःचा तावीज तसाच मुठीत धरून पळाला.

दुसऱ्या दिवसापासून पाकिटांवर संघाचं नाव. अडीच अक्षरांत, कारण मादागास्कर पुन्हा मावेना.