मुका मार, अर्निका आणि गाजरगवत: माझी पॅच टेस्ट

मागच्या दसऱ्याच्या आसपास शिरपूरकडच्या आमच्या केळीच्या बागेत मोटरचा लोखंडी पाइप नडगीवर आदळला. कातडी फुटली नाही, पण मुक्या माराने पाय काळानिळा पडला. पुतण्याने अर्निकाचं मलम आणून दिलं. सकाळ-संध्याकाळ चोळलं, सूज उतरली. पाचव्या दिवशी मात्र तिथेच खाज सुटली, मग बारीक फोड येऊन लस वाहू लागली. मार आतून पिकला असं समजून मी मलम आणखी जाड थापलं.

धुळ्याच्या चामडीच्या डॉक्टरबाईंनी पाय पाहिला आणि मग बराच वेळ माझी मान, पापण्या, कोपराची लवण पाहत राहिल्या. तिथली कातडी काळवंडून जाड झालेली होती. "गाजरगवत हाताने उपटता का हो?" उपटतोच. दर पावसाळ्यातली ती खाज घामोळं म्हणून मी आठ वर्षं अंगावर काढली होती.

कशाची अॅलर्जी आहे ते पाठीवर थोडं थोडं लावून पाहायचं, ती पॅच टेस्ट. फोड बरे होऊन गोळ्या बंद झाल्यावरच ती करता येते, आणि घाम नको म्हणून थंडीची वाट पाहिली. सोमवारी पाठीवर छोट्या वाट्यांच्या पट्ट्या ओळीने चिकटवल्या, कडेला पेनाने खुणा केल्या. एका वाटीत माझंच मलम होतं. दोन दिवस आंघोळ नाही, ओझं नाही, आणि घरी कापसाची वेचणी ऐन भरात. आई म्हणाली, "पाठले काय चिकटाडी लई उना रे?" बुधवारी पट्ट्या काढल्या. ही अॅलर्जी सावकाश उमटते, म्हणून शुक्रवारी पुन्हा तपासणी. गाजरगवताच्या जागी पुरळाचा फुगीर ठिपका होता, मलमाच्या जागी लालभडक चकती.

अर्निका हे आल्प्स, पिरेनीजसारख्या युरोपातल्या डोंगरांवरच्या कुरणांतलं पिवळं फूल. गाजरगवत मूळचं अमेरिका खंडातलं, पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेस आलं. पण दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. अर्निकातलं हेलेनॅलिन आणि गाजरगवतातलं पार्थेनिन एकाच प्रकारची रसायनं आहेत; एकाने बिथरलेली कातडी दुसऱ्यानेही बिथरू शकते. ३० नंबरच्या होमिओपॅथी गोळ्यांत मूळ अर्निका जवळपास उरतच नाही, मलमात आणि केसांच्या तेलात मात्र अर्क असतो. तो पोटात गेला तर विषारी, उलट्या होतात, हृदयावरही परिणाम होतो. म्हणून अर्निका वरूनच लावायची, तीही फुटलेल्या कातडीवर नाही. माझ्यासारख्याने तर कुठेच नाही. पायाला भोगावं लागलं तेव्हा मला हे कळलं, आणि आमच्या भागात गाजरगवत उपटणारे हात किती आहेत! त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

आता पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, आणि फुलावर येण्याआधीच दुसऱ्याकडून निंदणी. त्याच कुळातल्या शेवंतीपासूनही जपून राहायला सांगितलंय. काय टाळायचं याची डॉक्टरबाईंनी दिलेली चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमध्ये असते. परवा सलूनवाल्या भाऊंनी डोक्याला लावायला तेलाची बाटली उचलली. मी आधी वाचायला मागितली. लेबलवर तेच पिवळं फूल होतं.