प्रशिक्षणाच्या व्हिडिओत हव्या त्या जागी उडी: माझा अनुभव

प्रशिक्षणाचा व्हिडिओ दुसऱ्यांदा उघडणाऱ्याला अडलेली एकच पायरी हवी असते. म्हणून व्हिडिओची प्रकरणं, म्हणजे थेट उडी मारता येतील असे नाव दिलेले भाग, पाडताना मी विषयांची अनुक्रमणिका बाजूला ठेवते आणि माणूस कुठे अडेल ते बघते. ‘यंत्राची ओळख’ या नावाखाली कुणालाच काही सापडत नाही, ‘पातं बदलणे’ लगेच सापडतं. सुरुवातीची वेळ बोलणं सुरू होण्याच्या अर्धा सेकंद आधी धरते, नाहीतर पहिला शब्द अर्धा कापला जातो.

या वेळा वेबव्हीटीटी फाइलमध्ये जातात, म्हणजे वेब प्लेअर वाचतो त्या वेळा आणि मजकुराच्या साध्या फाइलमध्ये. इथे सेकंद आणि मिलिसेकंदांमध्ये टिंब लागतं. एसआरटी ही उपशीर्षकांची फाइल नुसतं नाव बदलून चढवली की तिच्यातला स्वल्पविराम तसाच राहतो आणि प्रकरणं दिसतच नाहीत. यूट्यूबवर वेळा वर्णनात लिहायच्या: पहिली ०:००, एकूण किमान ३, प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचं.

खरी अडचण मात्र कीफ्रेमची. पूर्ण चित्र फक्त कीफ्रेममध्ये असतं, मधल्या फ्रेम नुसता बदल साठवतात. एक्स२६४ हा एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्राम, आपणहून दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर ठेवतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १० सेकंद. दृश्य बदललं की तो मध्येच कीफ्रेम टाकतो, पण स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये चित्र फारसं हलत नाही, त्यामुळे नेमकं तिथेच अंतर लांबतं. मग उडी मारल्यावर प्लेअर मागच्या कीफ्रेमपासून सगळं उलगडत बसतो आणि चित्र अडकतं. काही प्लेअर सरळ मागच्या कीफ्रेमवरच थांबतात, आणि शिकणाऱ्याला आधीच्या पायरीचं शेपूट दिसतं. मी अंतर ५० फ्रेमवर आणते आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला सक्तीने कीफ्रेम टाकते. फाइल थोडी फुगते, ते चालतं.

सर्व्हरने फाइलचा मागितलेला तुकडा देणंही गरजेचं. उत्तरात २०६ हा कोड, म्हणजे फक्त तुकडा, आला तर ठीक. नेहमी २००, म्हणजे अख्खी फाइल, येत असेल तर अजून न उतरलेल्या भागात उडी मारता येत नाही, कधी व्हिडिओ पुन्हा शून्यावर जातो.

व्हिडिओच्या मध्ये प्रश्न टाकण्यासाठी मी एचफाइव्हपी हे साधन वापरते. उत्तर चुकलं की मागे नेताना त्या मुद्द्याचं स्पष्टीकरण जिथे सुरू होतं तिथे न्यावं. प्रश्नाच्या ५ सेकंद आधी नेलं तर माणूस फक्त दुसरा पर्याय दाबून बघतो. पुढे जाण्यावर बंदी घालायची सोय आहे, पण ती मी सुरक्षेच्या सूचनांपुरतीच लावते. बाकी ठिकाणी ती लावली, तर उजळणीला आलेल्यालाही सगळं पुन्हा बघावं लागतं.