कोंबड्या ठणठणीत, टर्की मात्र मरत होत्या

शिरूर तालुक्यातल्या त्या शेतावरून फोन आला तो ‘टर्कींना मानमोडी (राणीखेत) झालीय’ म्हणून. आमच्याकडे पक्षी मेला की पहिलं नाव मानमोडीचं निघतं, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीतल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाल्यापासून दुसरं त्याचं. म्हणून मेलेला पक्षी चिरायला सुरी काढण्याआधी मी, पशुवैद्य, जाळीबाहेर उभा राहून कळप नीट बघून घेतो.

एकाच जाळीत चाळीसेक गावरान कोंबड्या, काही बदकं, थोडे गिनी फाउल आणि तीन महिन्यांच्या पंधरा टर्की. त्यातल्या सहा गेलेल्या, चार पंख पाडून, मान आखडून, डोळे मिटून उभ्या. कोंबड्या मात्र तुकतुकीत, अंड्यांवर. मानमोडी किंवा फ्लू असता तर आधी कोंबड्यांचा सडा पडला असता. इथे मरत होत्या फक्त टर्की, तेही एकेक करून.

मालक शहरातली नोकरी सोडून आलेला, कष्टाळू माणूस. एकत्र कळपाची कल्पना त्यानं व्हिडिओंतून घेतलेली. त्या व्हिडिओंत खाद्य किती वाचतं ते सांगतात. कोण कुणाच्या विष्ठेवर चरतं ते कुणी सांगत नाही. याचा मला मनापासून राग येतो. औषधाच्या दुकानातून एन्रोफ्लॉक्सासिन आणून पाण्यातून पाजूनही झालं होतं. जिवाणूवरचं औषध इथे काय करणार!

आजार ओळखला होता तो मालकाच्या आईनं. मला बाजूला बोलावून त्यांनी टर्कीची विष्ठा काठीनं उकरून दाखवली. “डाक्टर, ह्ये बघा. हळद कालवल्यावानी. मी कवाधरनं सांगतीय, पर ऐकतंय कोण?” ती गंधकी पिवळी हगवण बघितली आणि पोटात काय दिसणार याचा अंदाज आला.

नुकतीच मेलेली टर्की उघडली. कलेजीवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे गोल डाग, कडा उचललेली, मध्ये खोलगट, पिवळट करडे. दोन्ही सीकम, म्हणजे आतड्याच्या बंद पिशव्या, सुजून टणक झालेल्या. चिरल्यावर आत दह्याच्या घट्ट चोथ्यासारखा गठ्ठा. हा ब्लॅकहेड, टर्कीच्या सीकम आणि कलेजीवर उठणारा आजार. आजींच्या परवानगीनं एक कोंबडीही उघडली. तिची कलेजी स्वच्छ. पण सीकमच्या टोकाशी सेंटिमीटरभर लांबीचे, दोऱ्याएवढे बारीक पांढरे जंत वळवळत होते. नमुने फॉर्मॅलिनमध्ये घालून पुण्यातल्या औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेत पाठवले. तिथूनही तेच उत्तर आलं.

हे जंत म्हणजे हेटेराकिस. ब्लॅकहेडचा हिस्टोमोनास हा एकपेशीय जंतू उघड्यावर फार काळ तगत नाही, पण जंताच्या अंड्यात शिरला की मातीत वर्षानुवर्षं टिकतो. हा संबंध १९२० मध्येच सिद्ध झालेला आहे. गावरान कोंबडी तो पोटात सहज वागवते, तिला फारसं काही होत नाही. त्यात बदकांनी पाणी सांडून सांडून निम्मी जागा चिखलाची केलेली. चिखलात गांडुळं वर येतात, गांडुळांच्या पोटात हीच अंडी असतात, आणि टर्की गांडुळांवर तुटून पडते. प्रत्येक पक्षी आपल्या स्वभावानं वागत होता आणि त्यातूनच टर्कीचं मरण तयार होत होतं.

“कोंबड्यांना काहीच नाही, मग आजार त्यांच्याकडून कसा?” मालक पुन्हा पुन्हा विचारत होता. एकदा तर म्हणाला, “सगळ्या कोंबड्या विकून टाकतो.” आजींचा चेहरा उतरला. त्यांचा घरखर्च त्या अंड्यांवर चालतो. मी स्पष्ट सांगितलं, कोंबड्या गेल्या तरी माती तीच राहणार. टर्कीच बाहेर काढा. आजारी वेगळ्या करा, कारण एकदा कळपात शिरल्यावर हिस्टोमोनास जंताशिवायही टर्कीतून टर्कीत जातो. उरलेल्यांना जमिनीपासून उंच फळ्यांच्या तळावर ठेवा. कोंबड्यांना फेनबेंडाझोल द्या. त्यानं जंत मरतील, हिस्टोमोनास नाही. ज्या औषधानं तो मरायचा, ती डायमेट्रिडॅझोलची जात खाण्याच्या पक्ष्यांसाठी बऱ्याच देशांत बंद आहे. अमेरिकेत या आजारावर शेवटचं उरलेलं औषध, नायटारसोन, तेही २०१५ अखेर गेलं. हातात काही नसताना रोग्यासमोर उभं राहणं जड जातं.

उरलेल्यांपैकी तीन टर्की वाचल्या. बाजारात विकू नका म्हणून मी हात जोडले, कारण त्या ज्या अंगणात जातील तिथेही घाण घेऊन जातील. त्यानं ऐकलं.

डोक्यातून जात नाही ती वेगळीच गोष्ट. मोराची चिंचोली आमच्याच तालुक्यात. या भागात मोर शेताशेतांत उतरतात. त्या जाळीबाहेर सांडलेल्या दाण्यांवर मी स्वतः लांडोरी टिपताना बघितल्या. मोरालाही हा आजार होतो. जाळीबाहेर धान्य पडू देऊ नका, मेलेला पक्षी चुना टाकून खोल पुरा, एवढं सांगून आलो. पण कोंबड्या आजही दिवसभर मोकळ्या चरतात, त्याच बांधापर्यंत जातात, आणि रानात एखादी लांडोर मेली तर ती उघडून बघायला मला कोण बोलावणार?